शरपुंखामूल आणि ‘एकूण फ्लेव्होनॉइड’चा आकडा

बालाघाटच्या उतारांवर, परळी-अंबाजोगाई परिसरातील माळरानांवर व शेतांच्या बांधांवर आढळणारी उन्हाळी, अर्थात शरपुंखा, बीड जिल्ह्यातील वैद्यवर्गास अपरिचित नाही. पर्णिकेचे टोक धरून ओढले असता ती बाणाच्या पिसाप्रमाणे तिरकस तुटते. वनस्पतीची ओळख तिच्या नावातच आहे. निघंटुकारांनी तिला ‘प्लीहशत्रु’ म्हटले आणि प्लीहाविकारात तिच्या मुळाचा कल्क ताकातून देण्याची परंपरा आहे.

मध्यंतरी एका विक्रेत्याने आमच्याकडे शरपुंखेच्या अर्काचा नमुना आणला. सोबतच्या पत्रकावर ‘एकूण फ्लेव्होनॉइड’ची टक्केवारी ठळक अक्षरांत होती, परंतु अर्क मुळाचा की पंचांगाचा, पाण्यातील की अल्कोहोलमधील, याचा उल्लेख नव्हता. आम्ही तो नमुना परत केला. त्यामागील कारण वैद्यबंधूंपुढे व औषधनिर्मात्यांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

फ्लेव्होनॉइड हे एका मोठ्या कुलाचे नाव आहे, गुणाचे नव्हे. क्वेर्सेटिन व रुटिन या कुलातील. त्याच कुलाच्या रोटेनॉइड या शाखेतील टेफ्रोसिन, डेग्वेलिन व रोटेनोन हे घटकही शरपुंखेच्या मुळातून नोंदले गेले आहेत. रोटेनोन हे कीटकनाशक व मत्स्यविष म्हणून जगभर वापरले गेलेले द्रव्य होय. इ.स. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शुद्ध रोटेनोन दीर्घकाळ शिरेवाटे दिल्यावर उंदरांत कंपवातसदृश लक्षणे दिसली. यावरून शरपुंखा विषारी ठरत नाही. मात्र ‘फ्लेव्होनॉइड जितके अधिक तितके उत्तम’ हे गणित निश्चितच कोसळते.

शिवाय ॲल्युमिनियम क्लोराइडची प्रचलित रंगपरीक्षा प्रामुख्याने फ्लेव्होन व फ्लेव्होनॉल मोजते. रोटेनॉइडविषयी तो आकडा मौनच पाळतो. म्हणजे जे जाणून घेणे सर्वाधिक निकडीचे, तेच पत्रकात नसते.

दुसरा मुद्दा कल्पनेचा. रोटेनोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये त्याहून पुष्कळ अधिक विरघळते. तेव्हा क्वाथाचा अनुभव अल्कोहोलयुक्त घन अर्कास जसाच्या तसा लागू करणे शास्त्रसंमत नाही. कल्कात मुळाचे सर्वच घटक पोटात जातात, हे खरे. म्हणूनच तेथे मात्रा व अनुपान यांचे बंधन आहे. अर्क काढताना घटकांचे परस्परप्रमाण बदलते आणि ते बंधन ग्रंथाधारे सांगता येत नाही.

आमची सूचना साधी आहे. खरेदीपूर्वी वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग, द्रावक आणि रोटेनॉइडची स्वतंत्र तपासणी या चार गोष्टी लेखी मागाव्यात. कच्च्या द्रव्याची तपासणी व नोंद ठेवण्याचे बंधन इ.स. 2000 मध्ये अधिसूचित झालेल्या ‘शेड्यूल टी’ने घातलेलेच आहे; ती नोंद केवळ निरीक्षकासाठी नसून रुग्णासाठी आहे. मूळ संकलित करणाऱ्यांनाही शेंगा पिकून बी पडल्यावरच रोप उपटण्यास सांगावे, कारण मूळ काढले की रोप संपते.

आधुनिक रसायनशास्त्राचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्याचा आकडा स्वीकारताना त्याचा अर्थही समजून घ्यावा. औषधाची जबाबदारी अखेरीस पत्रक छापणाऱ्यावर ढकलता येत नाही. पुडी देणारा हात आपला असतो.