‘फेका ती गोळी’ म्हणणाऱ्यांसाठी

मनाच्या आजाराला गोळी नसते, निर्धार असतो. गोळीनं गुण येत नसेल तर ती आजच्या आज नालीत फेका. फेकल्यावर चार दिवस हातपाय कापले तर शरीरातलं विष निघतंय असं समजा. आणि आपल्या आज्या-पणज्यांनी कधी खाल्ल्या होत्या का अशा गोळ्या?

अमरावतीच्या एका भरगच्च सभागृहात एका वक्त्यांनी ही चार वाक्यं दीड तास पुरवली. टाळ्या मिळाल्या. मग त्याची क्लिप निघाली आणि बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पोचली. आता माणसं चिठ्ठीऐवजी मोबाइल पुढे करतात. “भाऊ, हे पाहा. काहून खाव्या मंग या गोया?” मी वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगून त्यांच्यावर अन्याय करतो आहे, असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. मधले तीन प्राणायाम आणि एक कविता तेवढी गाळली आहे.

आधी किरकोळ मुद्दे उरकून घेऊ. आज्या-पणज्यांना गोळी नव्हती हे खरं आहे. गावात विहीर होती, आणि किती बायांनी तिचा आसरा घेतला ते कुणी मोजलं नाही. निर्धाराचं म्हणाल, तर छातीत धडधड, हाताला कंप आणि झोप उडणं हे सगळं वाढलेल्या थायरॉइडनंही होतं. ते निर्धारानं उतरत असेल तर वक्त्यांनी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयासमोर टेबल टाकून बसावं, रांगेची व्यवस्था मी करतो.

माझं खरं भांडण ‘आजच्या आज’ या शब्दांशी आहे.

चिंतेची गोळी म्हणून आपण जी एक वस्तू समजतो, ती एक नाहीच. एक कुळी बेन्झोडायझेपिनची. त्यातलं पहिलं औषध क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आलं, ते लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून, बाजूला पडलेल्या एका संयुगातून निघालेलं. १९६३ साली डायझेपाम आलं. आज आपल्याकडे खपतात ती अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम त्याच घरातली. ही अर्ध्या-एक तासात शांत करतात. दुसरी कुळी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन यांची. ती सावकाश काम करतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात जीव उलट जास्तच घाबरू शकतो. वक्त्यांच्या लेखी मात्र दोन्ही ‘झोपेच्या गोया’. बैल आणि ट्रॅक्टर दोन्ही नांगरतात म्हणून ट्रॅक्टरला कडबा घालण्यातला हा प्रकार.

पहिल्या कुळीतली गोळी मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा शांत करणारा जोर वाढवते. महिनोन्महिने रोज ही मदत बाहेरून मिळत गेली, की मेंदू आपल्या बाजूनं तेवढा ढिला पडतो. मग एका सकाळी क्लिप पाहून मदत तोडली, की झोप जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, भांड्याचा आवाजही सोसत नाही, आणि मात्रा मोठी, सवय जुनी असेल तर फिटही येऊ शकते. अशी फिट जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनं २०२० साली या सगळ्या कुळीच्या खोक्यावरचा सर्वांत कडक इशारा वाढवला, आणि त्यात सवय लागण्याबरोबरच अचानक बंद करण्याचा धोकाही घातला. वक्त्यांनी इशाऱ्याचा पहिला अर्धा भाग सभेत वाचून दाखवला. दुसरा अर्धा बहुधा चहापानात राहून गेला.

आता ते ‘विष निघण्या’चं शास्त्र. एखादा पदार्थ शरीराबाहेर गेल्यानं माणूस थरथरतो, आणि तोच पदार्थ थोडासा परत दिला की थरथर थांबते. असं विष आमच्या डी. फार्मसीच्या पुस्तकात नव्हतं. ही लक्षणं औषधाची मात्रा एकदम तुटल्याची असतात. आणि त्यांचा खरा दगा असा, की ती मूळ आजारासारखीच दिसतात. धडधड तीच, मरणाची भीती तीच. मग माणूस दोनपैकी एका बाजूला पडतो. एक म्हणतो, आजार उसळला, म्हणजे गोळी जन्मभर. दुसरा म्हणतो, विष निघतंय, अजून चार दिवस सोसू. पहिला मग वर्षानुवर्षं तीच जुनी चिठ्ठी आणतो. दुसरा एके दिवशी दर्यापूरहून रात्री गाडी करून दवाखान्यात आणावा लागतो.

वक्त्यांचा हुकमी एक्का होता त्यांचा मेहुणा. त्यानं म्हणे एका रात्रीत गोळी सोडली आणि त्याला काही झालं नाही. मेहुण्याला माझा नमस्कार, पण त्याची गोळी कोणती होती? दुसऱ्या कुळीतलं फ्लुओक्सेटीन असेल तर ते शरीरातून निम्मं व्हायलाच काही दिवस लागतात, आणि त्यापासून बनणारं पुढचं रसायन आणखी आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. म्हणजे मेहुण्यानं गोळी सोडली तरी गोळीनं मेहुण्याला हळूहळूच सोडलं. उलट अल्प्राझोलाम साधारण अकरा तासांत निम्मं होतं, पॅरोक्सेटीन दिवसभरात. आमची अचलपूर-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा तिच्यातून पोट्टे चालत्या गाडीतून उतरायचे, वाटेत बोरं तोडायचे आणि पुन्हा चढायचे, असं जुने लोक सांगतात. त्या अनुभवावर कुणी बडनेरा सोडलेल्या हावडा मेलमधून उतरायचा सल्ला देऊ नये.

आणखी एक गोष्ट या सभेत कुणाला ठाऊक नव्हती, कारण ती काउंटरमागेच कळते. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकतात. कॉम्बिनेशन. रुग्णाला वाटतं आपण एक गोळी खातो, आणि खातो दोन औषधं, दोन वेगळ्या कुळींतली, दोन वेगळ्या रीतींनी सोडायची. ‘एकच तर गोळी आहे, फेकली’ म्हणणारा एका फटक्यात दोन दोर कापतो. त्याहून गंमत पोटाच्या गोळीची. पोटात मुरडा येतो म्हणून दिलेल्या एका प्रसिद्ध जोडगोळीत क्लिडिनियमबरोबर तेच १९६० सालचं क्लोरडायझेपॉक्साइड असतं. ‘मी डोक्याची गोळी कधी तोंडात धरली नाही’ असं छातीवर हात ठेवून सांगणारी आमची कितीतरी गिऱ्हाइकं ती जेवणाआधी नेमानं घेतात. वक्त्यांच्या खिशातही त्या गोळ्यांचा एखादा पत्ता निघेल. त्यांनी मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत, आणि निघालाच तर कृपया आजच्या आज फेकू नये.

हा वाद नवा नाही. काही वर्षांपूर्वी याच थाटाचे एक गृहस्थ बीपीच्या गोळ्यांवर बोलायचे. सवय लागते, आधीच सुरू करू नका, म्हणायचे. धडधडीसाठीही देतात ती प्रोप्रानोलोल एकदम बंद केली तर हृदयाला धोका होतो, हे तेव्हा मी एका संपादकांना लिहून पाठवलं होतं. ते छापलं गेलं नाही, गृहस्थांचा फोटो मात्र छापला गेला. त्याआधी एक वाद शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. एक विद्वान म्हणायचे की कास्तकार मनानं कमकुवत झाला. सातबाऱ्यावरचा बोजा, बोंडअळी, २००६ साली सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेलं ३,७५० कोटींचं पॅकेज आणि त्यातलं शेतापर्यंत पोचलेलं किती, हा हिशेब करायला ते तयार नव्हते. ते मन कमकुवत म्हणायचे आणि हे वक्ते मन खंबीर करा म्हणतात. दोघांनाही दवाखान्यापर्यंतचा रस्ता दिसत नाही.

तो रस्ता लांब आहे, हे मात्र खरं. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत एकही नाही. मग अंजनगावच्या माणसानं दर महिन्याला एसटीनं येऊन मात्रा कमी करून घ्यावी म्हणणं सोपं, त्याची रोजी कोण भरून देणार? वक्त्यांनी हा मुद्दा मांडला असता तर मी टाळी वाजवली असती. त्यांनी त्याऐवजी कंपन्यांच्या कटाचा मुद्दा मांडला.

कटाबद्दल एवढंच. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम १ मार्च २०१४ पासून एच-वन या वर्गात आहेत. लाल चौकटीचा इशारा, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या त्याची वेगळ्या रजिस्टरात नोंद, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कायदा चांगला आहे. सहाव्यांदा झेरॉक्स काढलेल्या चिठ्ठीवर पत्ता हातात देणारी दुकानंही आहेत, आणि एका भेटीत गोळी लिहून पुन्हा कधीच न विचारणारे डॉक्टरही. ही आमच्या धंद्याची लाज आहे. तिच्यावर उपाय नोंद नीट ठेवणं हा आहे, नाली नव्हे.

‘गुण येत नाही’ ही तक्रार खोटी नसते. पण तिच्या पोटात बऱ्याच गोष्टी असतात. एस्सिटालोप्राम आठव्या दिवशी सोडलेली असते. कुणी चुकवत-चुकवत घेतलेली असते. कुणाचा आजारच वेगळा निघतो, थायरॉइडचा, हृदयाचा, नाहीतर रक्त कमी असण्याचा. कुणी संध्याकाळी दारू घेतो, आणि दारूबरोबर ही पहिली कुळी म्हणजे श्वासाशी खेळ. कुणी दिवसभर खर्रा चघळतो, वर आठ-दहा चहा, आणि छाती धडधडते म्हणून गोळी बदलून मागतो. अकोल्याच्या मे महिन्यात, पंचेचाळीसच्या वर पारा गेलेला असताना, पाणी कमी पडूनही धडधडतं. आणि एक प्रकार असा, की अल्प्राझोलाम वर्षभर घेतल्यावर तीच मात्रा पुरेनाशी होते. दोन गोळ्यांच्या मधल्या तासांतच जीव घाबरतो. हे आजार वाढल्यानंही होतं, नाहीतर रोजच्या रोज घडणारी छोटीशी तूट असते. कोणतं काय, हे क्लिपवरून ओळखता येत नाही.

मग करायचं काय? माझ्याजवळ वक्त्यांसारखं चार वाक्यांचं औषध नाही. इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर अॅश्टन या डॉक्टरनी १९८२ ते १९९४ बेन्झोडायझेपिन सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. त्यांची रीत साधी होती. लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी सावकाश उतरणारं डायझेपाम द्यायचं आणि रुग्णाच्या चालीनं मात्रा कमी करत जायची, महिनोन्महिने. अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी २०२५ साली मिळून सांगितलं ते याच वळणाचं: दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, त्रास झाला तर थांबायचं. दुसऱ्या कुळीबद्दल २०१९ साली हॉरोविट्झ आणि टेलर यांनी दाखवलं की मात्रा चौथाईवर आणली तरी मेंदूवरचा निम्म्याहून जास्त परिणाम शिल्लक असतो. म्हणून शेवटची घट सर्वांत बारीक हवी. आपल्याकडे लोक नेमके शेवटीच ‘आता काय उरलं’ म्हणून सोडतात. आणि लांब परिणामाची एसआर गोळी मोडून अर्धी करू नये, तिचा सगळा हिशेब बिघडतो.

गोळीखेरीज बोलून करायचे उपचार आहेत, विचारांची आणि सवयींची उजळणी करणारे. आपल्या खेड्यांत हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेला ‘विश्राम’ हा प्रकल्प पाहावा. गावातलीच माणसं तयार करून, गरज पडेल तिथे डॉक्टरला जोडून, डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली ते लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलं. त्यासाठी निर्धार लागला असणारच, पण तो रुग्णाचा नव्हता, व्यवस्थेचा होता.

ज्याला दवाखान्यापर्यंत इतक्या लांब जाता येत नाही त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. फोनवर किंवा डॉक्टरसमोर बसताना कागदावर लिहून न्या: माझ्या गोळीत औषध एक आहे की दोन, सोडायची तर कोणतं आधी, किती आठवड्यांनी किती, मधे फिट आली किंवा रात्ररात्र झोप नाही लागली तर कुणाला फोन करायचा. आणि तोवर पत्ता घरातच राहू द्या.