छोटी खिडकी हवीच!

पनवेल जंक्शनला दिवा, वाशी, कर्जत आणि रोहा या चार बाजूंचे लोहमार्ग मिळतात. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, हे रेल्वेचे कर्मचारी आत बसून ठरवतात. आपण विचारतो चौकशीच्या खिडकीवर. ती बंद असली तरी गाड्या धावतच राहतात.

इंटरनेटवर माहितीच्या पुडक्यांनाही मार्ग ठरवून द्यावे लागतात. हे काम करणारा, पडद्याआड अखंड चालणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘डीमन’. असाच एक डीमन आहे ‘बर्ड’. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात १९९८ च्या सुमारास विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून त्याची सुरुवात झाली.

बर्डला प्रश्न विचारण्यासाठी दोन खिडक्या आहेत. ‘बर्डसी’ आधीच्या आज्ञा लक्षात ठेवते. पण त्यासाठी तिला इतर तयार प्रोग्रॅमांची मदत लागते. ‘बर्डसीएल’ तसे काही करत नाही. ‘शो रूट’ असे टंकलिखित करा. ती आज्ञा डीमनकडे पोचवते आणि आलेली मार्गांची यादी पडद्यावर दाखवते. बस्स! म्हणूनच ती घरगुती राउटरच्या तुटपुंज्या जागेतही मावते.

काहींना ही कंजुषी वाटेल. मला ती दूरदृष्टी वाटते. सर्व सुरळीत असताना सोयी हव्याशाच वाटतात. पण बिघाडाच्या वेळी, जे साधन कमीत कमी गोष्टींवर अवलंबून असते, त्याचाच भरवसा अधिक.

तेव्हा मित्रांनो, शाळेच्या संगणकावर मोठा खेळ रचण्याआधी दोन प्रोग्रॅम लिहून पाहा : एक उत्तर देणारा, दुसरा फक्त विचारणारा. मग दुसरा बंद करा. पहिला चालूच राहिला, तर तुमची रचना बरोबर!