यंत्र तिच्या तालावर होते

मा. संपादक,

नृत्यातील तंत्रज्ञानावर टीका करणारा गेल्या अंकातील लेख वाचला. लेखकाने पाहिलेल्या प्रयोगाला मीही होते. ध्वनी कर्कश होता, एवढेच मान्य. पण ‘नर्तकी पडद्याची गुलाम झाली’ हे साफ चूक. तिच्या घोट्याला सेन्सर होता. ती थांबली की मागच्या प्रकाशरेषाही थांबत. यंत्र तिच्या तालावर होते.

नृत्यातील तंत्रज्ञान हे ‘हल्लीचे खूळ’ही नव्हे. विजेच्या रंगीत झोतांत नाचणाऱ्या लॉई फुलरने आपल्या घोळदार पोशाखाचे अमेरिकी पेटंट १८९४ मध्येच घेतले होते. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांच्या ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’मध्ये रंगमंचावरचे अँटेना आणि प्रकाशसंवेदक नर्तकांच्या हालचाली टिपून ध्वनीला चालना देत. त्यांच्याच ‘बायपेड’मध्ये (१९९९) झिरझिरीत पडद्यावर उमटणाऱ्या आकृत्या खऱ्या नर्तकांच्या हालचाली नोंदवून रेखाटलेल्या होत्या. त्या पडद्यामागे नर्तक प्रत्यक्ष नाचत, घामाघूम होत. शरीर हरवले कुठे?

प्रयोग आवडला नाही, असे लेखकाने खुशाल लिहावे. इतिहास मात्र तपासून लिहावा. पुढील अंकात एवढी दुरुस्ती अवश्य छापावी.

– एक वाचक, पुणे