आदर्श कोणास म्हणावे?

सुशिक्षित घरांतील मुली पाश्चात्त्य रॉक गायिकांची चित्रे भिंतीवर लावू लागल्या की वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. आम्हांस त्यात वावगे काही दिसत नाही. टीना टर्नर (१९३९–२०२३) ही अमेरिकेतील नटबुश नावाच्या, कापसाच्या शेतांनी वेढलेल्या खेड्यातील मुलगी. मारहाण करणाऱ्या पतीपासून ती सुटली आणि चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या बळावर पुन्हा उभी राहिली. अशा स्त्रीचे कौतुक मुलींनी अवश्य करावे. परंतु तिच्याहून चार वर्षांनी वडील व तितक्याच तोलाची एक कलावती आपल्या परिसरात होऊन गेली, हे त्या मुलींस कोणी सांगितले आहे काय?

मंचरहून नाशिकच्या रस्त्याने निघावे, कळंबजवळ घोड नदी ओलांडावी, की थोड्याच वेळात मीनेकाठचे नारायणगाव लागते. या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरास झाला. वडील भाऊ व चुलते बापू यांचा तमाशाचा फड होता. शाळा फारशी घडली नाही. गण, गवळण, लावणी व वग हेच त्यांचे विद्यालय.

तमाशा म्हटला की आपल्या घरांत अजूनही आवाज खाली येतो. पण सोलापूरचे राम जोशी ब्राह्मणच होते आणि पठ्ठे बापूराव हे तर रेठऱ्याचे कुलकर्णी. त्यांच्या रचनांना आपण बैठकीत माना डोलावतो. त्या रचना रात्र रात्र बोर्डावर उभे राहून ज्या स्त्रियांनी जिवंत ठेवल्या, त्यांचे नाव घेताना मात्र अडखळतो. हा न्याय नव्हे.

विठाबाईंविषयी एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या मागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. खरा प्रकार उमगताच लोकांनीच खेळ थांबवून त्यांना विश्रांती घेण्यास विनविले. ही हकीकत ऐकून आपण थक्क होतो आणि तेथेच थांबतो. आमच्या मते विचार तेथून पुढे सुरू व्हावयास हवा. बाळंतिणीस उठून नाचावे लागावे, ही काही मिरविण्याची गोष्ट नव्हे, आणि कोणत्याही मुलीपुढे तो कित्ता म्हणून ठेवू नये. कित्ता घ्यावयाचा तो त्यामागील वृत्तीचा. फड म्हणजे एक मोठे खटलेच असते. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी, नाचणाऱ्या स्त्रिया, स्वयंपाकी, सामान वाहणारे, या सर्वांची चूल एका सुपारीवर पेटते. खेळ मोडला तर ती सर्वांचीच विझते. एकत्र कुटुंबाचा भार ज्या गृहिणींनी वाहिला आहे, त्यांस हे ओझे समजावून सांगावयास नको.

१९५७ व १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात जवानांच्या करमणुकीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. इतके होऊनही त्या फडाच्याच राहिल्या. पाय जमिनीवर असणे म्हणतात ते हेच. आणि या बाईंच्या पायांत तर घुंगरांचे वजनही होते.

आता कटू भाग. त्यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचा खर्च देणगीदारांच्या मदतीने भागवावा लागला. पुढे राज्य शासनाने तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, हे उचितच झाले. परंतु जिवंतपणी टाळ्या आणि मृत्यूनंतर पुरस्कार, या दोहोंच्या मधला काळ कलावंताने कसा काढावा, याचे उत्तर समाजाने द्यावयाचे असते. ज्या कौतुकास पदरचे काही घालावे लागत नाही, ते कौतुक फार हलके होय.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या देण्यास तेथे जमतात. आंबेगाव-जुन्नरच्या वाचकांनी एकदा मुलांमुलींसह तेथे जावे. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभारून आईचा वारसा कसा चालविला, ते घरात सांगावे. जवळपास एखादा चांगला वग असेल तर तिकीट काढून, सहकुटुंब बसून, शेवटपर्यंत पाहावा. भिंतीवरील परदेशी चित्र काढण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी आणखी एक चित्र लावण्यापुरती जागा आपल्या घरांत आहे, आणि ते लावण्याइतके मन असावे, एवढेच आमचे म्हणणे.