नवख्याचा पगार

आमच्या इंदुरात सियागंजातील घाऊक पेढी असो की सांवेर रोडवरचा कारखाना, चार धंदेवाले एकत्र बसले म्हणजे संभाषण हटकून एकाच तक्रारीवर येते: हल्लीची पोरे टिकत नाहीत, काम येत नाही तोच पगाराची भाषा करतात, आणि पहिल्या महिन्यापासून सरकारी दर द्यायचा तर दुकानाला कुलूपच लावावे लागेल. मी स्वतः छापखाना चालवतो, तेव्हा ही तक्रार सर्वस्वी निराधार आहे असे म्हणण्याचा साळसूदपणा मी करणार नाही. नवखा मुलगा कागदाचा गठ्ठा ठोकून सारखा न करताच कटिंग मशीनच्या पात्याखाली सरकवतो, आणि पाते खाली येऊन वर जाईपर्यंत कुणाच्या तरी लग्नपत्रिका रद्दीच्या भावाच्या झालेल्या असतात. हे नुकसान मालकाच्याच खाती पडते.

परंतु त्याची भरपाई त्या मुलाच्या पगारातून करावी, हा जो न्याय आम्ही मंडळी बिनदिक्कत लावतो, तो निव्वळ जमाखर्चाच्या दृष्टीनेही टिकत नाही. किमान वेतनाच्या कोष्टकातील सर्वांत खालची पायरी अकुशल कामगाराची. म्हणजे ज्याला काही येत नाही त्याचाच तो दर, आणि त्याचे अजाणतेपण त्यात आधीच वजा झालेले असते. कायद्याने नोंदलेल्या शिकाऊ उमेदवाराची गोष्ट निराळी. पण ‘अजून शिकतोय’ एवढ्याच सबबीवर या अकुशल दरातूनही दोन-तीन हजार कापणे म्हणजे एकाच उणिवेची दोनदा वसुली होय. संस्थानी अमदानीत कचेरीत बिनपगारी उमेदवारी करणाऱ्यापुढे निदान कायम जागेची आशा तरी असे. आज खरगोन-धारकडून येथे आलेल्या मुलाला तीही नसते, खोलीचे भाडे मात्र पहिल्या महिन्यापासून पुरतेच भरावे लागते, आणि घरमालक काही त्याला शिकाऊ समजून सूट देत नाही.

बरे, तो सरकारी दर तरी घाईघाईने वाढला म्हणावे, तर तसेही नाही. मूळ दरांची फेररचना पाच वर्षांच्या आत व्हावी, असा 1948 च्या किमान वेतन कायद्याचा दंडक असताना मध्यप्रदेशात 2014 नंतर ती व्हायला 2024 चा एप्रिल उजाडला. आणि अकुशल कामगाराचा दरमहा सुमारे 11,800 रुपयांचा तो दरही कारखानदारांच्या दरखास्तीवरून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अडकला व स्थगिती उठेपर्यंत डिसेंबर आला. मजुराचे देणे असे रखडणे येथे नवे नाही: इंदुरातील सर सेठ हुकुमचंदांच्या नावाची कापडगिरणी नव्वदीच्या दशकाच्या आरंभी बंद पडली, तिच्या कामगारांचे सुमारे 224 कोटींचे देणे मार्गी लागायला डिसेंबर 2023 उजाडला, आणि तोवर त्यांतले कित्येकजण हयातही राहिले नव्हते. कागदाचा व्यापारी आम्हाला एवढी मुदत कधीच देणार नाही. मजूर देतो, कारण त्याला दुसरा उपाय नसतो.

नवे यंत्र बसवताना पहिले काही दिवस कागद वाया जाणार, हे आम्ही गृहीत धरतो आणि तो खर्च निमूटपणे भांडवलात टाकतो. माणूस तयार करण्याचा खर्चही तेथेच धरला पाहिजे. ज्या धंद्याचा नफा केवळ नवख्याच्या पगारातील कपातीवर उभा आहे, तो धंदा मुळात तोट्यातच आहे, मग खतावणी काहीही सांगो. तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की येत्या पगारपत्रकावर सही करण्यापूर्वी सर्वांत नव्या नावासमोरचा आकडा सरकारी कोष्टकाशी ताडून पाहावा, आणि कमी भरल्यास फरक त्याच महिन्यात चुकता करावा.