शेवटच्या नळाचा आकडा

मा. नगराध्यक्षा यांस,


ताई, आधी अभिनंदन. कित्येक वर्षं प्रशासकाच्या सहीवर चाललेला गावाचा कारभार पुन्हा लोकांनी निवडून दिलेल्या माणसाच्या हाती आला, आणि तुम्हाला तर गावाने थेट निवडून दिलं आहे. प्रचारात तुमच्या पत्रकावर पहिला मुद्दा पाण्याचा होता. विरोधकांच्या पत्रकावरही तोच होता. रोज पाणी, मुबलक पाणी, वाढीव वस्त्यांना पाणी. किती पाणी देणार हे सगळ्यांनीच सांगितलं. ते पिण्याच्या लायकीचं असेल का, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अर्ज लिहून दिला असता तर मला आवक क्रमांक मिळाला असता, आणि बहुधा तेवढाच मिळाला असता. म्हणून हे उघड पत्र.

जलशुद्धीकरण केंद्राबद्दल माझी तक्रार नाही. जॅकवेलमधून नदीचं पाणी वर येतं, तुरटी पडते, गाळ खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळलं जातं, क्लोरीन मिसळून टाकीत चढतं. पावसाळ्यात नदी लाल झाली की तुरटीचा अंदाज कधी चुकतो आणि दोन दिवस नळाला चहा येतो, ते सोडून देऊ. लोक त्यावर ओरडतात, कारण ते दिसतं. खरी अडचण टाकीच्या खाली सुरू होते, आणि ती दिसत नाही. नितळ पाण्यातही कावीळ असू शकते.

आपल्याकडे एका वस्तीला दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. उरलेला सगळा वेळ जमिनीखालची पाइपलाइन रिकामी असते. पाणी चालू असताना दाब आतून बाहेर असतो, तेव्हा फुटक्या जोडातून पाणी बाहेर गळतं. त्यात नुकसान आहे, पण रोग नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की पाणी खाली उतरतं, मागे पोकळी होते आणि त्याच फुटक्या जोडातून पाइप बाहेरचं आत ओढून घेतो. बाहेर काय आहे, ते त्या जागेवर अवलंबून. त्यात आपण घरोघरी टिल्लू पंप लावले आहेत, तेही थेट नळाला. शेजाऱ्याच्या आधी आपली टाकी भरावी म्हणून पंप जोरात खेचतो, आणि उताराच्या टोकाला जिथे आधीच दाब नाही तिथे पाणी चालू असतानाही पाइपमध्ये पोकळी होते. टिल्लू पंप बेकायदेशीर आहेत हे नगरपरिषदेला माहीत आहे, तसंच ते कुणाकुणाकडे आहेत हेही माहीत आहे.

तुम्ही एकदा बाजारपेठेच्या मागच्या बोळात याल तर दाखवतो. उघड्या गटारीतून आठ-दहा घरांच्या नळजोडण्यांचे पाइप जुडग्याने गेले आहेत. त्यातल्या एकाचा जोड गंजून फुटला आहे. कुणीतरी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर बांधकामाची तार आवळली आहे. पाणी सुटलं की पट्टीच्या कडेने बारीक चिळकांडी उडते आणि समोरच्या भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा धरते. पाणी गेलं की चिळकांडी थांबते. गटार मात्र वाहतच असते, आणि तो जोड पाण्याखाली बुडलेला असतो. त्या पाइपला जोडलेल्या नळावर पिण्याचा हंडा भरतो. पहिलं तांबडं-काळं पाणी सोडून द्यायचं, हे तिथल्या बायका न शिकवता करतात. पण पाऊण तासातलं किती सोडणार?

ओळखीच्या एका आरोग्यसेवकाकडून क्लोरीन तपासायचं किट घेऊन मी गावात फिरलो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि रंग पट्टीवरच्या रंगाशी ताडून पाहायचा. गावाकडे याला ओटी टेस्ट म्हणतात. टाकीजवळच्या नळाचं पाणी पिवळं धमक झालं. पेठेतल्या नळाचं फिकट पिवळं. बोळातल्या नळाचं होतं तसंच राहिलं, थेंब टाकलेच नाहीत असं. म्हणजे टाकीतून निघालेलं क्लोरीन वाटेतल्या घाणीशी झुंजून संपलं होतं, आणि पुढे आणखी घाण शिरली तर तिला अडवायला पाण्यात काही उरलं नव्हतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोरीन दिलेल्या पाण्यात ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं असं म्हटलं आहे. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. हे शिल्लक क्लोरीन ग्राहकाच्या नळाला मोजायचं असतं. टाकीखाली मोजून काय कळणार? तिथे तर ते नुकतंच घातलेलं असतं.

आणि आपले नमुने बहुतेक टाकीजवळूनच जातात. मी अहवाल पाहिले आहेत. 'पिण्यास योग्य' असा शेरा असतो, आणि तो खोटाही नसतो.

गंमत अशी की आपण खेडं असतो तर जरा बरे असतो. ग्रामीण भागात आरोग्य खातं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांचं सर्वेक्षण करतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं आणि गावात पाण्याची साथ आली नाही, तर चंदेरी. लाल कार्ड मिळालं की सरपंचाला गाव विचारतं. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं, त्यात तर प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किट वापरून पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. मोठ्या महापालिकांकडे स्वतःच्या प्रयोगशाळा असतात, आणि पाणी बिघडलं की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. मधली गावं, आपल्यासारखी तालुक्याची, कार्डातही बसत नाहीत आणि मथळ्यातही. आपल्या शिवेला लागून असलेल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कार्डाचा रंग लिहिलेला आहे. आपल्या इमारतीवर स्वच्छ सर्वेक्षणाचा फलक आहे, त्यावर पाण्याबद्दल अक्षर नाही.

काविळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच आपली फसगत होते. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ पाणी पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही. दोन ते आठ-नऊ आठवडे, बहुधा महिना-दीड महिना जातो. म्हणजे दवाखान्यात डोळे पिवळे झालेली माणसं यायला लागतात तेव्हा ज्या गळतीने हे केलं ती कदाचित बुजलेलीही असते. मग पथकं येतात, नमुने घेतात, नमुने चांगले निघतात आणि 'पाण्याचा संबंध आढळला नाही' असं निवेदन निघतं. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ही कावीळ झाली तर जिवावर बेतते. अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. यमुनेच्या पुरानंतर शहराचं सांडपाणी पाणी उचलण्याच्या ठिकाणीच येऊन मिळालं होतं. तेव्हा क्लोरीन वाढवलं गेलं, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण विषाणू निसटून गेला. आपल्या राज्यात २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीने हजारो माणसं अंथरुणाला खिळली आणि काहींचे जीव गेले. तेव्हा इचलकरंजी महापालिका नव्हती, आपल्यासारखीच नगरपरिषद होती. आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात हातापायांतलं बळ जाणाऱ्या जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा कुठे त्या भागातल्या विहिरी, टँकर आणि खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे धावपळ करून पाहिलं गेलं. आधी माणसं आजारी पडतात, मग पाणी तपासलं जातं. आपल्याला हा क्रम उलटा करायचा आहे.

यात दोष फक्त नगरपरिषदेचा नाही. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून फोन करणारे आपणच. दोन-चार नगरसेवकांना असे फोन गेले की केंद्रावर निरोप जातो आणि डोस कमी होतो. खरं तर सकाळच्या पहिल्या हंड्याला किंचित वास आला तर निश्चिंत व्हावं. पण हे गावाला कुणी समजावून सांगितलंच नाही, आणि ज्याला परवडतं त्याने आपापला मार्ग काढला. पेठेत घरोघरी आरओ आहे. बाकीचे थंड पाण्याचा जार मागवतात. त्या जारवर सील नाही, तारीख नाही, आणि त्यात पाणी कुठलं भरलं हे जार आणणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं. तरी लग्नात, दुकानात, अगदी नगरपरिषदेच्या सभागृहातही जारच असतो. (सभेत नळाचं पाणी प्यालेला नगरसेवक मी अजून पाहिलेला नाही.) ज्यांचा आवाज पोचतो ते सगळे नळाच्या पाण्यातून बाहेर पडले आहेत. उरले ते बोळातले, आणि तेही पाणीपट्टी भरतातच.

तर माझं मागणं एवढंच. रोज, ज्या भागाला पाणी सुटेल त्या भागातल्या शेवटच्या नळाचं शिल्लक क्लोरीन मोजा आणि तो आकडा त्याच दिवशी चौकातल्या फळ्यावर लिहा. ठिकाण, वेळ, आकडा. खडूने लिहिला तरी चालेल. शून्य आला तर शून्य लिहा. याच्या जोडीला महिन्यातून एकदा त्याच नळांचे नमुने जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवा आणि तो अहवालही लावा. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही चालत नाही.

यासाठी नवा माणूस नको, निविदा नको, सल्लागार तर अजिबात नको. एक किट तुमच्या सत्काराला आलेल्या शालीपेक्षा फार महाग नसतं. मोजणार कोण, तर व्हॉल्व्हमन आहेतच. पहाटे पाचला चावी घेऊन सायकलवर निघणारी ही कंत्राटी माणसं. गावाच्या पाइपलाइनीचा खरा नकाशा कार्यालयातल्या भिंतीवर नाही, यांच्या डोक्यात आहे. कुठे फेरूल गळतं, कुठली लाइन गटारीखालून गेली, कुठल्या घरात पंप आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यातला एक जरी काम सोडून गेला तरी गावाचा तेवढा नकाशा गेला. त्यांना बसवून तो एकदा कागदावर उतरवून घ्या. किंवा तपासणी बचत गटांकडे द्या. ओडिशात जलसाथी म्हणून बचत गटांतल्या बायकाच घरोघरी जाऊन पाणी तपासतात आणि बिलंही वसूल करतात. त्याच ओडिशातल्या पुरीने जुलै २०२१ मध्ये घरच्या नळाचं पाणी थेट प्या असं जाहीर केलं. वर्षभर यात्रेकरूंचा राबता असलेलं गाव आहे ते.

कार्यालयातून मला एक उत्तर हमखास मिळेल: अमृत २.० मधून नवी पाइपलाइन प्रस्तावित आहे, थोडा धीर धरा. नवी लाइन जरूर आणा. कराडला लागून असलेल्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, तेव्हा अनेकांना ती चैन वाटली. पण पाइप सतत भरलेला असला की बाहेरची घाण आत शिरायला जागाच मिळत नाही, हा त्यातला मोठा फायदा. आपल्यालाही तिथवर जायचंच आहे. पण प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, खोदाई, मग खोदलेले रस्ते, हे सगळं आपण जाणतो. तोवर बोळातल्या गटारीतून नळजोडण्यांचे पाइप वर उचलून भिंतीच्या कडेने न्यायला कुठल्या मान्यतेची गरज आहे? ते दोन प्लंबरांचं काम आहे.

दुसरी भीती तुमच्या मनात येईल, ती राजकारणाची. शून्याचा फळा दिसला की विरोधक फोटो काढून गावभर फिरवतील. फिरवतील, यात शंका नाही. पहिल्या महिन्यात त्रास होईल. पण नळाला काय येतं हे गावाला कळू न देता कारभार करायचा, तर मग प्रशासकच काय वाईट होता? शिवाय माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की अशी माहिती कुणी मागायची वाट न पाहता कार्यालयाने आपणहून जाहीर करावी. तो कायदा २००५ चा आहे. पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे हे तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातच लिहिलेलं आहे. नव्याने ठराव करण्यासारखं यात फारसं काही उरलेलं नाही.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी किट, फळे आणि प्रयोगशाळेची फी एवढ्यांचं वेगळं लेखाशीर्ष दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी ते विसरलं जाणार नाही. आणि सुरुवात कुठल्या नळापासून करायची ते ठरवायचं असेल तर बाजारपेठेच्या मागचा बोळ घ्या, उताराच्या बाजूचं शेवटचं घर. तिथे मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी साडेसहाला पाणी येतं. व्हॉल्व्हमनला घर माहीत आहे.

आपला,
एक नळजोडणीधारक