दाराआड कोण होते?

न्यायालयात प्रेक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस आयुष्यात कधी आला नव्हता. २०१४ साली तो घरबसल्या आला, आणि तोही दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथल्या न्यायालयाचा!

ऑस्कर पिस्टोरियस हा दोन्ही पाय गमावूनही कृत्रिम पायांवर धावत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला धावपटू. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्याने स्वगृही शौचकूपाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या आणि आत असलेली त्याची प्रेयसी रीव्हा स्टीनकॅम्प मृत्यू पावली. आत चोर शिरला असे वाटले, हे त्याचे म्हणणे. भांडण होऊन जाणूनबुजून मारले, हे सरकारपक्षाचे. ३ मार्च २०१४ रोजी खटला उभा राहिला आणि न्यायालयाच्या अनुमतीने त्याचे चित्र जगभर दिसू लागले.

तेथील सकाळ ती आपली दुपार. वामकुक्षी सोडून आम्ही, धाकटे बंधू आणि कायद्याचा अभ्यास करणारा पुतण्या संगणकाच्या पडद्यासमोर ठाण मांडीत असू. भोके पडलेले ते दारच न्यायालयात आणून उभे केले होते. शेजाऱ्यांनी ऐकलेल्या किंकाळ्या स्त्रीच्या की पुरुषाच्या, यावर वकिलांची झटापट चाले. शवपरीक्षेची साक्ष प्रक्षेपणातून वगळली, तेव्हा आम्हांस चुटपुट लागली, हे सांगावयास आज लाज वाटते.

मृच्छकटिकातील खटला आम्ही विद्यार्थ्यांस अनेक वर्षे शिकविला. तेथे अधिकरणिकाच्या जोडीस श्रेष्ठी व कायस्थ; येथेही ज्यूरी नव्हती, न्यायमूर्ती थोकोझिले मासिपा यांच्या जोडीस दोन सहायक होते. परंतु चारुदत्त निर्दोष आहे हे नाटकाच्या प्रेक्षकास ठाऊक असते. आम्हांस काहीच ठाऊक नव्हते, आणि तरी आम्ही रोज निकाल देत होतो! आत रीव्हा आहे हे आरोपीस कळले होते की नाही, यावरून बंधूंनी व आम्ही दोन दिवस अबोला धरला.

एके दुपारी मातोश्री जपमाळ बाजूस ठेवून म्हणाल्या, “अरे, आत चोर असता तर तो काय माणूस नव्हता? चार गोळ्यांनी तो तरी वाचला असता का?” पुतण्या हसला. आम्हीही तिकडे लक्ष दिले नाही.

सप्टेंबरात न्यायमूर्तींनी खुनाचा आरोप अमान्य करून निष्काळजीपणाने घडलेला मनुष्यवध मानला. शिक्षा पाच वर्षांची झाली. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दाराआड कोण होते हा प्रश्नच गौण. कोणी माणूस आत आहे आणि तो मरू शकेल हे उमगूनही गोळ्या झाडल्या, म्हणून हा खूनच, असे त्या न्यायालयाने ठरविले. पुढे २०१७ साली शिक्षा १३ वर्षे ५ महिन्यांपर्यंत वाढली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो पॅरोलवर सुटला.

अपिलाचा निकाल पुतण्याने घरात वाचून दाखविला. इतके दिवस ज्या प्रश्नावर आम्ही भांडलो तोच गौण ठरला होता. आम्ही मातोश्रींस म्हणालो, “आपलेच म्हणणे खरे ठरले.” त्यांस त्याचे काही वाटले नाही. त्यांनी इतकेच विचारले, “त्या मुलीची आई कोर्टात बसलेली दिसे ना रे? ती कशी आहे?”

आम्हांस उत्तर देता आले नाही.